गिरणीत पास झालेला आवाज

मानोऱ्याच्या सरकारी दवाखान्यात माझी बदली झाली, तेव्हा ड्युटीच्याच कपड्यात मी खोली शोधत फिरत होते. एका घरावर गंजलेला पत्र्याचा बोर्ड दिसला, 'कॅसेट भरून मिळेल'. त्याच्या खाली खडूनं लिहिलेलं, 'खोली भाड्याने देणे आहे'. दार वाजवलं. एक उंच, वाळकुडे गृहस्थ बाहेर आले. गळ्यात तुळशीची माळ, कानाला मोठा थोरला हेडफोन, आणि त्याची वायर मागं घरात कुठंतरी गेलेली. ना नाव विचारलं, ना गाव. पहिला प्रश्न काय, तर "सिस्टर, तुमचा कुकर कसा वाजते?"

"कसा म्हणजे? सगळ्यांचा वाजतो तसा."

"तसं नाई. वाजून दाखवा."

आता घ्या! मी काय कुकर कडेवर घेऊन फिरत होते? पण पायाचे तुकडे पडले होते, आणि खोली तर हवीच होती. भर रस्त्यात मी तोंडानं शिटी मारून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ती ऐकली, मान हलवली. "चालते. पन दुपारच्याले नाई लावाचा. रेकॉर्डिंग रायते."

असे ते माझे घरमालक. मी त्यांना काका म्हणायचे. गावात त्यांना काय काय म्हणायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही.

कॅसेटच्या जमान्यात बसस्टँडजवळ त्यांचं दुकान होतं. लोक आवडीची गाणी सांगायचे, काका कॅसेट भरून द्यायचे. मग सीड्या आल्या, काका सीड्या भरून द्यायला लागले. मग मोबाईल आला आणि गिऱ्हाईक जे गेलं ते गेलंच. दुकान बंद झालं, काका काही बंद झाले नाहीत. बोर्ड काढून घरावर ठोकला, आणि दुसऱ्यांची गाणी भरायचं सोडून लोकांचा स्वतःचा आवाज भरायला सुरुवात केली. भजनी मंडळं, गोंधळी, कुणाची कॉलेजात गाणारी पोरगी, कुणाचा बासरी वाजवणारा जावई. सगळं घरीच, पुढच्या खोलीत.

त्या खोलीबद्दल सांगते. बंद पडलेल्या नेट कॅफेतून उचललेला कॉम्प्युटर. मंडपवाल्यानं टाकून दिलेला माइक, काकांनी स्वतः डाग देऊन जिवंत केलेला. आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर इंटरनेटवर फुकट मिळणारं. भिंतींना आधी अंड्यांचे ट्रे चिकटवले होते, कारण कुणीतरी सांगितलं की त्यानं आवाज घुमत नाही. आता माळकरी माणूस रोज ऑमलेटच्या गाडीवर उभा राहून ट्रे मागतोय म्हटल्यावर गावानं काय समजायचं? काकूंना पाण्याच्या नळावर बायांनी विचारलं, "काय वं, तुह्या घरी अंडी कोन खाते?" काकूंनी घरी येऊन सगळे ट्रे फाडले. काकांनी मग भिंतींवर गोधड्या टांगल्या आणि दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, "गोधडीच बेस्ट हाय. अंड्यात काई दम नव्हता."

मास्टरिंग हा शब्द मी त्यांच्याकडूनच पहिल्यांदा ऐकला. एका भजनी मंडळाला मोठ्या शहरातल्या कुठल्यातरी स्टुडिओनं सांगितलं होतं, की घरी रेकॉर्ड केलेल्या गाण्याची सीडी करायची तर मास्टरिंगचे वेगळे पैसे पडतील, आणि घरच्या आवाजातून तसंही काही होत नाही. काकांचं टाळकं सरकलं. 'होत नाही' हा शब्द त्यांना चालायचाच नाही. कुणी म्हटलं, की लगेच बोट वर, "झालं नाई अजून, असं म्हना."

"पण काका, मास्टरिंग म्हणजे असतं तरी काय?" मी एकदा विचारलं.

"इस्त्री, सिस्टर, इस्त्री! गानं गायलं म्हंजे कपडा धुतला. आता एक बाही लांब, एक आखूड, कॉलर चुरगाळलेली, असं घालून लग्नात जासान का? एक गानं मोठ्यानं अन् दुसरं हळू, तं ऐकनारा माणूस दर खेपेस उठून बटन फिरवन काय? सारे एका उंचीवर आनाचे. आवाज फाटू नाई द्याचा. मधातली घरघर काढाची. दोन गान्यांच्या मधात श्वास घ्याले जागा ठेवाची. झालं मास्टरिंग. याले कायले पाह्यजे एसीचा स्टुडिओ?"

आणि इस्त्री जमली की नाही ते तपासायची त्यांची पद्धत तर जगात कुठं नसेल. आमच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती. गिरणीवाल्याकडे जुना सीडी प्लेअर. काका नवी सीडी घेऊन जायचे, ज्वारी दळणं सुरू असतानाच ती लावायची, आणि स्वतः पट्ट्याशेजारी डोळे मिटून उभे राहायचे. भुवयांवर पीठ, मिशीवर पीठ. एवढ्या खडखडाटात गाण्याचे शब्द कळले तर "पास!" नाही कळले तर "नापास!" आणि तसेच पांढरेफटक घरी. गिरणीनंतर न्हाव्याचं दुकान, तिथला स्पीकर चिरका. त्यानंतर घरी काकूंचा मिक्सर चालू असताना. काकू म्हणायच्या, "मले तं गानी सारीच पास वाटते. यायनंच नापास व्हावं, असं वाटते."

सीडी राइट करताना तर घरात श्वाससुद्धा जपून घ्यावा लागे. सगळ्यात कमी स्पीडवर लावायचे. "हळू लिहिते तं खोल लिहिते," म्हणायचे. मध्येच लाइट गेली की सीडी वाया. वाया गेलेल्या सीड्या इंझोरीला त्यांच्या साडूच्या शेतात जायच्या. हरभऱ्यात दोरीला बांधून सोडल्या, की उन्हात चमकतात आणि पाखरं भितात. साडू दर हंगामात निरोप पाठवायचा, "भाऊजी, यंदा लाइट जाते का नाई बरोबर?"

माझं त्यांचं भांडण मात्र पंख्यावरून. रात्रपाळी करून मी दुपारी झोपायची, आणि भर मे महिन्यात दार वाजायचं. "सिस्टर, पंखा बंद करा. माइक त्याचाच आवाज खाऊन राह्यला."

"काका, मी माणूस आहे, पापड नाही!"

"पाचच मिनिटं. बुवाचा अभंग संपून राह्यला."

मी पंखा बंद करायची आणि बुवाच्या अभंगाच्या नावानं बोटं मोडत घाम पुसत बसायची. खोली सोडून जाईन म्हणून कितीदा धमकी दिली. सोडली नाही, एवढं खरं.

दिवाळीच्या आधी एक बाई आली. जवळच्याच तांड्यावरची, तिशीच्या आतली, अनिता नावाची. बोर्ड वाचून आले म्हणाली. दिवाळी झाली की तांड्यातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात, तीही नवऱ्याबरोबर निघणार होती, पार सांगलीकडं. चार वर्षांची पोरगी, गुड्डी, सासूजवळ राहणार.

"काका, थे माह्या गान्याबिगर झोपत नाई," अनिता म्हणाली. "मोबाईल एकच हाय, थो मालकासंगं जाईन. सासूजवळ बटनाचा फोन हाय. फोनवर माहा आवाज आला की पोट्टी अजूनच रडते. घरी डीव्हीडी हाय जुनी. तुमी माह्या गान्याची सीडी काढून द्या. भर उन्हायापर्यंत सहा महिने काढाचे हायत पोरीले."

काकांनी तेवढ्यातच हेडफोन कानावरून काढला. मोठ्या मोठ्या बुवांसमोर काढत नसत. "देतो न माय," म्हणाले. "अशी सीडी देतो का पोरगी म्हनन, याडी टीव्हीतच बसून हाय." बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात, ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक.

मी ड्युटी संपवून नुकतीच आले होते, म्हणून पुढचा गोंधळ माझ्या डोळ्यांसमोर झाला. अनिता पाय पसरून बसली, मांडीवर काहीतरी पाहिजे म्हणून उशी मागून घेतली, आणि उशीला थोपटत गायला लागली. गोड आवाज होता. पण प्रत्येक थापेला हातभर काचेच्या बांगड्या खळखळत होत्या. काकांनी हेडफोन सावरला, कपाळाला आठ्या घातल्या आणि अगदी सहज म्हणाले, "बांगड्या काढून ठेव."

अनिता गायची थांबली. तिचा चेहरा पाहवेना. उशी बाजूला ठेवून ती उभीच राहिली. "काका, माहा नवरा जित्ता हाय."

स्वयंपाकघरातून काकू उलथनं घेऊनच धावत आल्या. "अवो, डोकं गहान टाकलं का? भरल्या हाताच्या बाईले बांगड्या उतरवाले सांगता? तेबी दिवाळीच्या तोंडावर?"

काका खरोखर गांगरले. त्यांच्या डोक्यात तसलं काही नव्हतंच हो. ढोलकीवाल्याला अंगठी काढ म्हणायचे, बुवाला घड्याळ काढ म्हणायचे, तसंच हे. दोन्ही कान धरून म्हणाले, "चुकलो माय. बस. मी आवाजाचं बोललो, तुह्या कुंकवाचं नाई बोललो." मग तोडगाही त्यांनीच काढला. काढायच्या नाहीत ना? मग बांधू. माझ्याकडे वळले, "सिस्टर, पट्टी आना बरं एखादी."

मी पिशवीतली पट्टी दिली. काकूंनी अनिताच्या दोन्ही मनगटांना बांगड्यांवरून ती गुंडाळली. आता थाप पडायची, पण आवाज गप्प. काका खूश! नंतर कितीतरी दिवस ते त्या गाण्यांवर बसले. श्वास काढला, बाहेरचा कुत्रा काढला, उशीची थापसुद्धा घासून घासून काढली. नुसता गळा ठेवला, धुतल्या तांदळासारखा. सीडी गिरणीत पहिल्या झटक्यात पास. न्हाव्याच्या दुकानात तर दाढी करायला बसलेलं गिऱ्हाईक फेस लावलेल्या तोंडानं झोपून गेलं. काका गावभर सांगत सुटले. अनिताला सीडी दिली, तिनं ती पदरानं पुसून सासूच्या हवाली केली, आणि दुसऱ्या दिवशी ऊसतोडीचे ट्रक गेले.

आठवडाभरानं तिची सासू गुड्डीला घेऊन दवाखान्यात आली. पोरगी किरकिरी, डोळे सुजलेले. ताप नाही, खोकला नाही. झोपच नाही. "सिस्टर, थे सीडी काई कामाची नाई," म्हातारी म्हणाली.

मी हे घरी येऊन सांगितलं मात्र, काकांनी ताटावरून उठून मोपेड बाहेर काढली. "माही सीडी कामाची नाई? बसा मांगं!"

तांड्यावर गेलो. लोखंडी पेटीवर टीव्ही, बाजूला डीव्हीडी. सीडी उत्तम चालत होती. अनिताचा आवाज खोलीभर, जरासुद्धा खरखर नाही. गुड्डी ऐकत उभी राहिली. मग टीव्हीच्या मागं जाऊन पाहून आली. मग आजीच्या लुगड्यात तोंड खुपसून रडायला लागली. "ही याडी नोहे," म्हणाली.

"काहून नोहे वं?" काका खाली बसले. "आवाज तं तिचाच हाय."

म्हातारीनं आपल्या हातानं पोरीच्या पाठीवर थोपटून दाखवलं. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. "अजी, गानं मंग. पयले तं बांगड्या. पाठीवर हात पडे, बांगड्या वाजत, अन् पोट्टी डोये मिटे. तुमी बांगड्या कुठं टाकल्या इच्या?"

 परत येताना काका मोपेडवर सारखं पुटपुटत होते, "घरघर समजून याडीच काढून टाकली म्या."

आता दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मूळ रेकॉर्डिंगमध्येही बांगड्या नव्हत्या, कारण रेकॉर्डिंगचं बटन पट्टी बांधल्यावरच दाबलं होतं. पण काकांचं बोट वर गेलंच होतं, झालं नाई अजून! आधी काकूंना उशी देऊन बसवलं, त्यांच्या बांगड्यांचा आवाज घेऊन गाण्यात मिसळला. ऐकून स्वतःच वैतागले, "तुहं थोपटनं हाय का धुनं धुनं?" काकूंनी उशी त्यांच्याच अंगावर फेकली. मग अनिताच्या नवऱ्याच्या मोबाईलवर निरोप पाठवला, की तिथूनच आवाज भरून पाठवा. आला. काकांनी पुन्हा पुन्हा ऐकला. गाणं होतं, वारा होता, नवऱ्याचं हसणं होतं, बांगड्या मात्र कुठंतरी लांब गडप. फोन आपल्याच अकलेनं बारीक खळखळ काढून टाकत होता. "हा फोनबी माह्यासारखाच दीडशाना निंगाला," काका म्हणाले. "मलेच जा लागते."

"कुठं? सांगलीकडं?" काकूंचा आवाज चढला. "गुडघे पाहा आपले! एका सीडीपायी?"

"सीडीपायी नाई. आवाज म्या काढला, मीच परत आननार. लेकरू तिकडं जागं हाय, अन् मी इथं घोरू काय?"

काकूंनी आणखी पुष्कळ ऐकवलं आणि मग गपचूप दशम्या बांधायला घेतल्या. काकांनी माइक, बॅटरीवर चालणारं छोटं रेकॉर्डर आणि एक गोधडी बांधली. निघायच्या आधी तांड्यावर जाऊन म्हातारीला अनिताच्या बांगड्यांचं माप विचारून आले. सव्वादोन. मग आठवडी बाजारात, अनिता जिथं भरायची त्याच कासाराकडून, तशाच हिरव्या काचेच्या बांगड्या घेतल्या. त्या गोधडीच्या मधोमध गुंडाळल्या. "फुटतीन काय वो?" मला विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच सोडून पुन्हा बांधल्या.

तिथलं मी पाहिलं नाही, त्यांनी परत आल्यावर सांगितलं तेवढंच. एसटीत कंडक्टरनं गोधडी वर ठेवा म्हटलं, तर यांनी ती वाशीमपासून शेवटपर्यंत मांडीवरच धरली. कारखान्याच्या गावाला उतरून टोळी शोधत शोधत फडात पोचले. अनितानं यांना बांधावर पाहिलं आणि तिच्या हातातला कोयता गळून पडला. "गुड्डीले काय झालं काका?" करत उसातून धावत सुटली.

"काई नाई झालं माय, पोरगी धडधाकट हाय!" काका लांबूनच ओरडले. "मीच चुकलो म्हून आलो."

जवळ आल्यावर त्यांनी पाहिलं, तर तिच्या दोन्ही मनगटांना फडकं गुंडाळलेलं. ऊस तोडताना बांगड्या फुटू नयेत म्हणून तिथं सगळ्याच बाया तसं बांधत. फडक्याखाली दोन-तीनच उरल्या होत्या. काकांनी गोधडी सोडून हिरव्या बांगड्या पुढं केल्या. अनितानं हात पुसून त्या घेतल्या. मग म्हणाली, "माहेरचं कोनी आजपर्यंत आलं नाई इथं, काका."

हे सांगताना काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला, आणि बराच वेळ तो पुसून होईना.  काकू उठल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

पाचटाच्या कोपीत बसून गाणं भरलं होतं. कोपी कसली, दोन माणसं मावतील न मावतील असं झोपडं. बाहेर बैल बांधलेले. मी विचारलं, "मग आता मास्टरिंगला किती दिवस?"

"हात नाई लावला," काका म्हणाले. "तशीच राइट केली."

गिरणीतही नेली नाही ती. त्याच संध्याकाळी मोपेडवर मागं बसून, सीडी पदराखाली धरून, मी तांड्यावर गेले. दिवे नुकतेच लागले होते. म्हातारीनं पेटीसमोर गोधडी अंथरली. काकांनी सीडी कडेनं धरून आत सरकवली.

आधी बैलाच्या गळ्यातली घुंगरं वाजली. कुणीतरी खोकलं. वाळलं पाचट सळसळलं. एरवी यातल्या एकेका आवाजासाठी या माणसानं अख्खी दुपार घालवली असती. मग खळखळ झाली. थाप, खळखळ, पुन्हा थाप. आणि मग अनिता गायला लागली. दिवसभर ऊस तोडून आवाज बसलेला होता, मधेच फाटतही होता.

गुड्डी या वेळी टीव्हीच्या मागं गेली नाही. होती तिथंच उभी राहिली. मग गोधडीवर आडवी झाली, टीव्हीकडे टक लावून. बांगड्या वाजत होत्या. थोड्या वेळानं तिनं कूस बदलली, टीव्हीकडे पाठ केली, आणि सरकत सरकत मागं जाऊन पाठ पेटीला अगदी चिकटवली. थोपटून घ्यायला आईकडे करतात तशी.

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. माझ्याही डोळ्यांना धार लागली, लपवायचं काय त्यात!

तेवढ्यात शेजारच्या घरात कुकरची शिटी झाली, चांगली लांबलचक. मी दचकून काकांकडे पाहिलं. त्यांनी मानही वळवली नाही. ते त्या एवढ्याशा पाठीकडे बघत बसले होते.